नमुना सत्तेचाळीस आणि त्रेपन्न

सबाहत तेकेलीला इंग्रजी येत नव्हतं. पण इंग्रजी शोधनिबंध दिसावा कसा, हे तिच्याइतकं त्या विभागात कुणालाच कळत नव्हतं.

नोकरीला ती लागली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ म्हणून. अंजिरं दळायची, लगदा गाळायचा, यंत्रात घालायचा, येईल तो आकडा वहीत लिहायचा. तुर्कीतल्या मेंदेरेस नदीच्या त्या खोऱ्यात अंजिराशिवाय दुसरं बोलणं नाही, आणि अंजिराला बुरशीचं विष धरलं तर अख्खा कंटेनर युरोपच्या बंदरातून परत येतो. त्यामुळे प्रयोगशाळेला कामाची वाण कधीच नव्हती.

लेखांचं काम तिच्या गळ्यात पडलं ते असंच. तिथे प्राध्यापकांना होजा म्हणतात. बारा वर्षांपूर्वी विभागप्रमुख मुअल्ला होजांचा एक लेख नियतकालिकानं तीनदा परत धाडला, तोही न वाचता. समास चुकलेले, ओळींना क्रमांक नाहीत, संदर्भांमध्ये कुठे स्वल्पविराम तर कुठे टिंब. होजा वैतागून म्हणाल्या, "सबाहत हानिम, तुमचा हात स्वच्छ आहे. तुम्हीच बघा बाई याच्याकडे." सबाहतने लेखकांसाठीच्या सूचनांची सतरा पानं छापून घेतली, मुलीचा शाळेतला शब्दकोश आणला आणि एकेक ओळ पेन्सिलने खोडत बसली. चौथ्यांदा लेख परत आला नाही.

तेव्हापासून विभागातला प्रत्येक लेख बाहेर पडायचा तो तिच्या टेबलावरून. तक्त्याला उभ्या रेघा चालत नाहीत, आकृतीतली अक्षरं छापल्यावर मुंगीएवढी होता कामा नयेत, ठळक मुद्दे पाचच आणि प्रत्येक पंच्याऐंशी अक्षरांच्या आत, शीर्षकाचं पान वेगळं, त्यावर लेखकांच्या नावांच्या डोक्यावर बारीक अक्षरात संस्थेची खूण. तुर्की माणूस दशांशाला स्वल्पविराम देतो, नियतकालिकाला टिंब लागतं. ते एकेक बदलायचं. संदर्भांमधल्या तुर्की नावांतली शेपटीची आणि बिनटिंबाची अक्षरं यंत्र गिळून टाकतं, ती पुन्हा बसवायची. अर्थ कळला नाही तरी शब्द तिला चेहऱ्यानं ओळखू येत. एखादा शब्द चुकीचा लिहिलेला असला तर तिला तो खडा लागावा तसा लागे. याचा मोबदला म्हणाल तर लेखाच्या शेवटी आभारात एखादी ओळ, तीही लिहिणाऱ्याला आठवली तर. बाकी सगळा विभाग तिला आब्ला म्हणे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि त्या हाकेसरशी कामं टाकून जाई.

सत्तेचाळीस वर्षांची झाली होती ती. मुलगी नुरशेन इझमीरला संसाराला लागली होती, तिला तान्हं बाळ होतं. इझमीरच्या बाजूला बदली मिळावी म्हणून सबाहतने दोनदा अर्ज केला होता. दोन्ही अर्ज मुअल्ला होजांच्या कपाटात पडून होते. "तुमच्यावाचून आमचं कसं चालेल?" असं त्या म्हणत, आणि ते ऐकायला बरं वाटे, म्हणून ती गप्प बसे.

ऑक्टोबरात ओक्ताय होजा तिच्याकडे लेख घेऊन आला. अडतीस वर्षांचा सहायक प्राध्यापक. विद्यार्थी होता तेव्हा नळीतून थेंब कसा सोडायचा हे सबाहतनेच त्याला हात धरून शिकवलं होतं. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी त्याने दोनदा अर्ज केला आणि दोन्हीदा गुण कमी पडले. घरी जुळी मुलं, आणि दर तीन वर्षांनी नेमणूक पुढे चालू राहायला मुअल्ला होजांची सही. आता मार्चमध्ये तिसरा अर्ज करायचा होता, आणि त्याआधी एका चांगल्या नियतकालिकाने हा लेख स्वीकारलेला हवा होता.

लेख होता ओझोन वायूच्या कपाटाचा. सुकवलेली अंजिरं त्या कपाटात सहा तास ठेवली की बुरशीचं विष उतरतं, असं त्यात दाखवलं होतं. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचे लोक दोनदा येऊन कपाट बघून गेले होते. सबाहतच्या धाकट्या दिराची अंजिरं त्याच संघात जात.

"आब्ला, हा नेहमीसारखा सरळ करून दे," ओक्ताय म्हणाला. "आणि शीर्षकाच्या पानावर तिसरं नाव घाल."

"कुणाचं?"

"तुझं. सबाहत तेकेली. साठही नमुने तूच चालवलेस की."

सबाहतने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थट्टा करू नका, होजाम."

"थट्टा कसली? पहिला मी, दुसऱ्या मुअल्ला होजा, तिसरी तू. घाल."

त्या दिवशी तिने स्वतःचं नाव टाइप केलं, त्याच्या डोक्यावर बारीक 'ए' चढवला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. घरी गेल्यावर नवऱ्याला, रेम्झीला सांगितलं. त्याचं टायर दुरुस्तीचं दुकान होतं. जेवण झाल्याबरोबर तो कॉफीखान्यात गेला आणि माझ्या बायकोचं नाव परदेशात छापून येणार म्हणून सगळ्यांना सांगून आला.

तिसऱ्या दिवशी ती आकड्यांच्या तक्त्याला लागली. नियतकालिकाला मूळ आकड्यांची फाइलही जोडून हवी होती. साठ नमुने, वीस-वीसचे तीन गट: काहीच न केलेला, तीन तासांचा आणि सहा तासांचा. स्वल्पविरामाचं टिंब करत करत ती खाली आली. सेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस आला. तिला वाटलं आपलीच नजर चुकली. पुन्हा वरून मोजलं. बावन्ननंतर चोपन्न. शेवटच्या गटात अठराच भरत होते, आणि वर लेखात लिहिलं होतं वीस.

अशा चुका पकडणं हेच तिचं काम होतं. ती लगबगीनं वर गेली.

"होजाम, बरं झालं बघितलं. तिसऱ्या गटात अठराच आहेत. सत्तेचाळीस आणि त्रेपन्न राहिलेत."

ओक्तायने मान वर केली नाही. "अगं हो, सांगायचं राहिलंच. ते दोन काढलेत. साठच्या जागी सगळीकडे अठ्ठावन्न कर. आणि कृतीच्या भागात एक वाक्य घातलंय, पिवळं केलंय बघ. तेवढं नीट बसव."

पिवळं वाक्य तिने खाली येऊन वाचलं. त्यातले सगळे शब्द तिच्या ओळखीचे होते. दोन. नमुने. वगळले. हाताळणी. चूक. आणि तंत्रज्ञ. तो शब्द तर ती आभारांच्या ओळीत इतक्या वर्षांत कितीदा सरळ करत आली होती. शब्दकोश काढायची गरज नव्हती, तरी तिने काढला. अर्थ तोच निघाला: तंत्रज्ञाच्या हाताळणीतील चुकीमुळे दोन नमुने वगळण्यात आले.

तिने वही काढली. मागच्या हंगामाची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, प्रत्येक पानावर तारीख आणि सही असलेली. सत्तेचाळीसच्या समोर एक नव्हे, तीन आकडे होते. पहिला इतका मोठा आला होता की तिला स्वतःच्याच हातांचा संशय आला होता. तिने सगळी भांडी नव्यानं धुतली, दुसऱ्यांदा केलं, तोच आकडा. तिसऱ्यांदा केलं, तोच. त्रेपन्नचंही तसंच. खाली तिने रेघ मारून लिहून ठेवलं होतं: तीनदा पाहिलं, बरोबर आहे. कपाटात सहा तास राहूनही त्या दोन नमुन्यांमधलं विष उतरलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

ती वही घेऊन पुन्हा वर गेली. या वेळी जिना चढताना तिला दम लागला.

"माझ्याकडून चूक कधी झाली, होजाम?"

"कसली चूक?"

"पिवळ्या वाक्यातली."

ओक्ताय हसला. "ती लिहायची एक पद्धत असते गं. तुझं नाव कुठं घातलंय त्यात?"

"या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ एकच आहे. आणि तिचं नाव तुम्हीच वर घातलंय, तिसरं."

त्याचं हसू मावळलं. उठून त्याने दार लावलं. "बस, आब्ला."

ती उभीच राहिली. वही उघडून टेबलावर ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं नाही.

"हे दोन आत घेतले तर काय होतं, सांगू? तारा जातो." तक्त्यातल्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तारा असतो, फरक खरा आहे, योगायोगाचा नाही, असं तो सांगतो. "तारा गेला की लेख गेला. लेख गेला की मार्च गेला. आणि या वेळी मार्च गेला तर मुअल्ला होजा माझ्या नेमणुकीवर सही करतील असं तुला वाटतं?"

"मग नुसतं अठ्ठावन्न लिहा. माझी चूक कशाला?"

"तपासणारा विचारेल ना, दोन गेले कुठे म्हणून. काहीतरी कारण द्यावं लागतं."

"खरं कारण द्या की."

"खरं कारण म्हणजे कपाट चालत नाही!" तो ओरडला, आणि लगेच आवाज खाली आणला. "म्हणजे चालतं. अठरांत चालतं. दोनात काहीतरी वेगळं असणार. पुढच्या वर्षी बघू. आब्ला, मी तुझ्या हाताखाली वाढलोय. एक वाक्य. तुला कोण विचारणार आहे? तुझी बढती अडणार आहे का? तुझं काहीच जात नाही."

सबाहतने वही मिटली. तुझं काहीच जात नाही, हे त्याने दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

खाली येऊन तिने काय करावं? तिने लेख पुरा केला. ही गोष्ट तिला पुढे फार दिवस टोचत राहिली. पण हातात आलेलं पान वाकडं सोडणं तिला जमतच नव्हतं. साठच्या जागी तिने नऊ ठिकाणी अठ्ठावन्न केलं. पिवळा रंग काढला, वाक्यानंतरची दुहेरी जागा एकेरी केली. संदर्भ अकारविल्हे लावले, आकृत्या वेगळ्या केल्या, संपादकांना द्यायचं पत्र विभागाच्या कागदावर उतरवलं. गुरुवारी दुपारी ओक्ताय तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. एकेक फाइल चढवून झाली, सगळं मिळून एक पक्का मसुदा तयार झाला, तो तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तपासला आणि ओक्तायने बटण दाबलं. मग बाहेरून त्याने दोघांसाठी चहा मागवला. सबाहतचा चहा निवून गेला.

शुक्रवारी सकाळी संगणकातल्या तिच्या पत्रपेटीत एक पत्र येऊन पडलं होतं. नियतकालिकाचं. या लेखाच्या लेखकांमध्ये आपलं नाव आहे. आपण लेख वाचला असून तो आपल्याला मान्य आहे, याला खाली दुजोरा द्यावा. होय, नाही. चौदा दिवसांत. प्रत्येक सहलेखकाला असं पत्र जातं हे तिला माहीत होतं. दुसऱ्यांना ती कितीतरी वेळा सांगत आली होती, "होजाम, तेवढी टिचकी मारा, नाहीतर लेख पुढे सरकत नाही." स्वतःला असं पत्र येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मुअल्ला होजांनी आपली टिचकी सकाळीच मारली होती. लेख त्यांनी उघडलासुद्धा नव्हता.

सबाहतने पत्र मिटलं. वाटलं, सोमवारी बघू. सोमवारी वाटलं, उद्या. मंगळवारी ओक्ताय दारात डोकावला. "आब्ला, पत्र आलं का गं?"

"आलंय."

"मग?"

"बघते, होजाम."

बुधवारी तो पुन्हा आला, गुरुवारी आलाच नाही, आणि त्यानंतर त्याने व्हरांड्यात तिला 'कोलाय गेल्सिन', काम सोपं जावो, असं म्हणणं बंद केलं. काम करणाऱ्याला येता-जाता एवढं तरी सगळेच म्हणतात. यंत्राचा आवाज तिला आधी कधी ऐकू आला नव्हता. आता दिवसभर त्या खोलीत तेवढाच आवाज असे. पडद्याच्या कोपऱ्यात ते न उघडलेलं पत्र ठळक अक्षरात बसून होतं. ती नमुने लावी, आकडे उतरवी आणि पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटून सारखी वळून बघे.

घरी रेम्झीला कळलंच. चार दिवस ती ताटातलं चिवडत होती.

"म्हणजे एक टिचकी मारायचीय," तो म्हणाला. "एक! आणि मी अख्ख्या कॉफीखान्याला सांगून बसलोय. शुक्रू मला रोज विचारतो, कुठंय तुझ्या बायकोचं मासिक?"

"त्यात माझी चूक लिहिलीय."

"नावानिशी?"

"नाही."

"मग झालं तर! कोण वाचतंय? मी वाचणार आहे की शुक्रू?"

"मी वाचलंय ना."

रेम्झीने भाकरीचा तुकडा पातळ भाजीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "पण तू चूक केली होतीस का?"

"नाही."

"अगदी नाही?"

"तीनदा केलं होतं मी ते. तीनदा."

रेम्झीने तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "मला टायरातलं कळतं, सबाहत. पंक्चर नसताना आहे म्हणून सांगणारे आमच्यातही आहेत. पण मुअल्ला हानिमशी वाकडं घेऊन तू त्या इमारतीत आठ वर्षं काढणार कशी, ते सांग. पेन्शनला अजून आठ वर्षं आहेत."

 दिराच्या अंजिरांचं तिच्या मनात आलं, पण ते ती बोलली नाही. बोलली असती तर रेम्झी दुसऱ्या दिवशी भावाकडे गेला असता, आणि मग संघ, आणि मग सगळं गाव.

दहाव्या दिवशी मुअल्ला होजांनी तिला बोलावलं. समोर चहाचा पेला ठेवला, साखरेचे दोन खडे बशीत स्वतःच्या हातानं ठेवले.

"सबाहत हानिम, त्या पत्राचं राहून गेलंय म्हणे तुमचं."

"राहून गेलं नाही, होजाम. वही घेऊन येऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"वही जागेवर असू द्या." होजांचा आवाज अगदी मऊ होता. "हे बघा, लेखात काय ठेवायचं, काय वगळायचं हे लिहिणारा ठरवतो. तुमचं काम सुबक आहे, सगळे मानतात. उगाच नको तिथे ओढाताण नको. नातू किती महिन्यांचा झाला?"

"नात आहे. पाच महिन्यांची."

"माशाल्लाह. इझमीरची बदली हवी होती ना तुम्हाला? अर्ज माझ्याकडेच आहे. या आठवड्यात त्यावर शिफारस लिहून टाकीन म्हणते."

सबाहत चहा न पिताच उठली. बाहेर येऊन व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिली. आजवर हाच अर्ज कपाटात ठेवायला कारण होतं तिचा स्वच्छ हात. आता तो बाहेर काढायलाही तोच लागणार होता. इझमीरला जायचं, नातीला मांडीवर घ्यायचं, आणि त्या वाक्याखाली आपलं नाव सोडून जायचं. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. 

तिने मनाशी एक पळवाट काढली. काहीच करायचं नाही. होयही नाही, नाहीही नाही. चौदा दिवस उलटले की लेख आपोआप अपुरा म्हणून परत येईल. मग नियतकालिकाचं आणि ओक्तायचं काय ते ते बघून घेतील. आपण कुणाविरुद्ध काही बोललो असं होणार नाही. हे ठरल्यावर तिला दोन दिवस जरा झोप लागली.

बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ओक्ताय आत आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. खुर्चीवर बसला नाही.

"हे बघ आब्ला, मला कळलंय तू काय करतेयस. दिवस जाऊ देतेयस."

ती नमुने लावत राहिली.

"मला दिवस घालवायला परवडत नाही. मी उद्या सकाळी हा लेख काढून घेतो. तुझं नाव काढतो. दोघांच्या नावानं नवा पाठवतो. तुझ्या टिचकीची गरजच राहणार नाही. झालं समाधान?"

"आणि ते वाक्य?"

"वाक्य आहे तिथंच राहील." तो दाराशी गेला आणि तिथून म्हणाला, "मी तुला वर घेत होतो, आब्ला. तूच नको म्हणालीस."

तो गेल्यावर ती जागची हलली नाही. पळवाटही बुजली होती. नाव जाणार होतं आणि चूक राहणार होती. उद्यापासून तिला कुणी काही विचारणारच नव्हतं. आत्ता, या घटकेला, ते पत्र अजून जिवंत होतं, आणि तिला विचारत होतं.

तिने दार लोटून घेतलं आणि पत्र उघडलं. खाली दोन बटणं होती. तिने 'नाही' दाबलं. वाटलं होतं पत्र मिटेल. त्याऐवजी एक चौकट उघडली: कारण द्या. पाचशे अक्षरांच्या आत.

आयुष्यात तिने इंग्रजीत स्वतःचं एक वाक्य लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांची हजारो सरळ केली होती. तिने जुने लेख काढले, मुअल्ला होजांचे, ओक्तायचे, सोडून गेलेल्यांचे, आणि कृतीच्या भागातून तिला हवे ते शब्द वेचायला लागली. 'तीनदा तपासले' हे त्या मंडळींनी प्रत्येक लेखात लिहिलं होतं, ते तसंच उचललं. 'नमुना क्रमांक' एका ठिकाणी मिळाला. 'आढळून आली नाही' हे एका जुन्या लेखात होतं, पण तिथे ते कीटकनाशकाबद्दल होतं. तिने ते चुकीबद्दल वापरलं. अडीच तास गेले. मधे कुणीतरी दार वाजवलं, तिने उघडलं नाही. शेवटी चौकटीत तीन वाक्यं उभी राहिली. सत्तेचाळीस आणि त्रेपन्न हे नमुने तीनदा तपासले. हाताळणीत चूक आढळून आली नाही. आकडे मोठे होते.

तिने जागा तपासल्या, टिंबं तपासली, आणि पाठवून दिलं. मग उठून भांडी धुवायला लागली.

संपादकाचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळीच, ओक्तायने लेख काढून घेण्याआधी, तिघांनाही आलं. चारच ओळी, अतिशय सभ्य. वगळलेल्या नमुन्यांबाबत खुलासा करावा आणि वहीच्या त्या पानांची प्रत पाठवावी. तोवर लेख थांबवण्यात येत आहे.

सबाहतला वाटलं होतं ओक्ताय येऊन ओरडेल. तो आला, प्रयोगशाळेच्या मधोमध उभा राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, "तू मला बुडवलंस, आब्ला."

"मी तुम्हाला सांगायला दोनदा वर आले होते, होजाम."

"माझी पोरं तुला मावशी म्हणतात."

 तो निघून गेला. त्याच दिवशी त्याने लेख मागे घेतला. मार्च आला आणि गेला. त्याने अर्ज केला नाही.

मुअल्ला होजा एका शब्दानंही रागावल्या नाहीत. आठवड्याभरात एक कागद आला: कामाच्या गरजेनुसार सबाहत तेकेली यांची नेमणूक तळघरातील भांडी धुण्याच्या व निर्जंतुकीकरणाच्या विभागात करण्यात येत आहे. बदलीचा अर्ज 'सध्या विचार करता येत नाही' असा शेरा मारून परत आला. तिच्या जागी एक नवी मुलगी आली. ओक्तायच्या नेमणुकीवर मात्र होजांनी सही केली. त्यांना लेख लिहिणारं कुणीतरी हवं होतंच.

तळघराला एकच खिडकी, जमिनीच्या पातळीवर. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. वाफेच्या भांड्यांनी खोली ओलसर आणि गरम. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नसे, हिवाळ्यात बाहेर पडलं की अंग ओलं असल्यानं सर्दी होई. पहिले काही महिने सबाहतला रोज सकाळी जिना उतरताना वाटे, आपण केलं ते बरोबर, पण मग आपण खाली का जातोय? जेवणाच्या सुट्टीत वर गेलं तर गप्पा थांबत. हळूहळू ती डबा खालीच खायला लागली. लेख आता इझमीरच्या एका कचेरीत सरळ व्हायला जात, असं तिच्या कानावर आलं.

ओक्तायचा लेख दीड वर्षानं निघाला. दुसऱ्या, लहानशा नियतकालिकात. नव्या मुलीनं तो छापून खाली आणून दिला. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, सबाहतनेही विचारलं नाही. वाफेच्या भांड्याची घंटा होईपर्यंत वेळ होता. तिने हात पुसले आणि थेट तक्त्यावर गेली. साठ. तिसऱ्या गटात वीस. सत्तेचाळीस आणि त्रेपन्न आपापल्या जागी होते, समोर तिच्याच वहीतले आकडे. तारा कुठेच नव्हता. सहा तासांनी बहुतेक नमुन्यांमधलं विष उतरतं, सगळ्यांमधलं नाही, असा काहीसा निष्कर्ष होता. लेखक दोघे तेच, तिसरं नाव नव्या मुलीचं. आभारात वायू पुरवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. सबाहतचं कुठेच नव्हतं. तिने दोनदा पाहिलं. पिवळ्या वाक्याच्या जागी तिसरंच काही होतं, तापमानाबद्दल. संदर्भांमध्ये चार नावांतली शेपटीची अक्षरं गळाली होती. पेन्सिल घेऊन तिने ती बसवली, आणि मग लक्षात आलं की हे आता छापून झालंय.

संघानं कपाटं घेतली नाहीत, एवढं तिला दिराकडून कळलं. त्यामागचं कारण त्याला माहीत नव्हतं आणि तिने सांगितलं नाही.

त्या पुढच्या मार्चमध्ये ओक्ताय सहयोगी प्राध्यापक झाला. त्या दिवशी विभागात मिठाई म्हणून बक्लावा वाटला गेला. दुपारी खिडकीतून तिला ओळखीचे तपकिरी बूट दिसले. ते पुढे गेले, थांबले, परत आले. मग तो जिना उतरून खाली आला, हातात कागदी डबा.

"तुझ्यासाठी ठेवला होता," तो म्हणाला.

"अभिनंदन, होजाम. हायिर्ली ओल्सुन, शुभ होवो."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. वाफेनं त्याचा चष्मा धूसर झाला, तो त्याने पुसला नाही. "इझमीरवाले चांगलं काम करत नाहीत, आब्ला. माझा नवीन लेख दोनदा परत आलाय. ओळींचे क्रमांक दर पानावर पुन्हा एकपासून सुरू होतात. तू एकदा नजर घालशील?"

"घालीन," सबाहत म्हणाली. "लेख आणा, आणि वहीही आणा सोबत."

 त्याने मान डोलावली आणि तो जिना चढून गेला.

तिने डबा उघडला. चार तुकडे होते, पाकानं चिकटलेले. एक खाल्ला, बाकीचे रेम्झीसाठी झाकून ठेवले आणि वाफेच्या भांड्याचं झाकण सैल करायला वळली. त्या गोष्टीला आता महिना उलटून गेला. ओक्ताय अजून खाली आलेला नाही.